रेडिओचा जीर्णोद्धार

कोकणातल्या जुन्या घरांत व्हॉल्व्हचा रेडिओ अजून सापडतो. कधी माळ्यावर, कधी ओटीवरच्या फडताळात, कधी देवघराशेजारच्या कोनाड्यात तो पडून असतो. मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही अशी नावे त्याच्या दर्शनी बाजूला असतात आणि बहुतेक वेळा तो मुंबईच्या कमाईतून घरी आलेला असतो. रत्नागिरीला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र १९७७ साली मिळाले. हे सेट त्याच्याआधी दोन दशके मुंबईच्या बातम्या आणि रेडिओ सिलोनची गाणी ऐकवत होते. असा मुका झालेला सेट घरच्या घरी पुन्हा बोलता करायला जो बसतो, त्याच्यापुढे पाठीमागचा पुठ्ठा काढताच एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर विजेच्या पुस्तकात मिळत नाही. आतले निम्मे भाग बदलल्यावर जो वाजेल, तो आजोबांचाच रेडिओ असेल का? की आजोबांच्या पेटीत बसवलेला दुसराच कुठला तरी? हा प्रश्न हौशी माणसाची करमणूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. वस्तू, देह, देऊळ, मूर्ती, घराणे, जे जे झिजते आणि तरी टिकावे असे आपल्याला वाटते, त्या सगळ्यांविषयी हाच प्रश्न आहे, आणि आपल्या दर्शनकारांनी व शास्त्रकारांनी त्यावर कसून विचार केलेला आहे. त्या विचाराच्या आधाराने मला असे मांडायचे आहे की दुरुस्त केलेल्या वस्तूचे ‘तेच’पण तिच्या भागांत शोधून सापडत नाही. दुरुस्त करणाऱ्याने पाळलेल्या बंधनांतून ते टिकते, आणि ती बंधने मोडली की एकही भाग न बदलता ते नाहीसे होऊ शकते.

आधी हे यंत्र कसे मरते ते समजून घेतले पाहिजे, कारण युक्तिवादाचा पहिला पुरावा तिथेच आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीचा, घरच्या विजेवर चालणारा, पाच व्हॉल्व्हचा एक सर्वसाधारण सेट घेऊ. ईसीएच ८१ हा व्हॉल्व्ह एरियलमधून आलेल्या लहरीत सेटने स्वतः निर्माण केलेली दुसरी लहर मिसळतो. काटा रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्झवर आणला की आतला ऑसिलेटर १५९८ वर चालू लागतो. दोहोंतला फरक सुमारे ४५५ किलोहर्ट्झ, आणि कुठलेही केंद्र लावले तरी तो तेवढाच राहतो. पुढचा सगळा संच त्या फरकासाठी जुळवलेला असतो. ईएफ ८९ त्याला वाढवतो, ईबीसी ८१ त्यातून आवाज वेगळा काढतो, ईएल ८४ त्या आवाजाला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो आणि ईझेड ८० या सगळ्यांना लागणारी डीसी पुरवतो. व्हॉल्व्ह पुष्कळदा शाबूत निघतात. आधी मरतात ते कंडेन्सर. मेणात बुडवलेल्या कागदाचे हे कंडेन्सर समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ओल धरतात आणि गळू लागतात. ईएल ८४ च्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर थोडा जरी गळला, तरी जी ग्रिड ऋण राहायला हवी ती धन होते. मग व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा फार जास्त प्रवाह वाहतो, तो लालबुंद होतो आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जळतो. म्हणून जाणता माणूस वर्षानुवर्षे बंद असलेला सेट थेट प्लगला लावत नाही. आधी विजेच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब घालतो आणि गळके कंडेन्सर बदलल्यावाचून पूर्ण वीज देत नाही. याचा अर्थ असा की काही भाग काढून टाकल्याशिवाय उरलेले भाग वाचतच नाहीत. जपायचे तर काही बदलायचे नाही, ही समजूत इथे पहिल्याच पायरीवर मोडते. सगळे मूळचे ठेवण्याचा हट्ट धरून जो बटण दाबील, तो मूळचे सगळ्यात मोलाचे भाग जाळून बसेल.

मग ‘तोच’ हा शब्द कशाच्या बळावर वापरायचा? याचे सर्वांत कडक उत्तर बौद्धांनी दिले आहे, आणि रत्नागिरीला ते परके वाटायचे कारण नाही. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेचे राज्य बुडवले आणि पुढच्या वर्षी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पूर्ण झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या वडिलांनी, मिंडोन राजाने, अवघे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. त्या ब्रह्मी परंपरेत ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथही त्रिपिटकात गणला जातो. त्यात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा प्रसिद्ध संवाद आहे. राजा रथातून आला आहे. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, लगाम, सांगाडा यांपैकी रथ कोणता? एकेक भाग बाजूला काढत गेल्यावर रथ नावाची वेगळी वस्तू हाती लागत नाही. भाग एका विशिष्ट रीतीने एकत्र आले की त्यांना व्यवहारात रथ म्हणतात, एवढेच. रेडिओला हा विचार अक्षरशः लागू पडतो. चासी रेडिओ नाही, व्हॉल्व्ह रेडिओ नाहीत, लाकडी पेटी तर नाहीच. ज्या फरकामुळे सेट केंद्र पकडतो, तो तर कुठल्याच एका भागात नाही, दोन लहरींच्या नात्यात आहे. बौद्ध म्हणेल की जो पहिल्यापासून एक वस्तू म्हणून नव्हताच, तो आता तोच आहे का हा प्रश्नच चुकीचा आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे आणि वेगळीही नव्हे. तिथे आहे ती केवळ अखंड चाललेली परंपरा.

नैयायिक या टोकाला जायला तयार नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून निराळा अवयवी खरोखर असतो. धाग्यांच्या ढिगाने अंग झाकता येत नाही, कापडाने येते. म्हणजे कापड ही धाग्यांपलीकडची वस्तू आहे. रेडिओचा हौशी कारागीर हे वाचून सुखावेल. पण त्याचे सुख फार टिकत नाही, कारण नैयायिक पुढे असेही म्हणतात की अवयव काढला किंवा घातला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. कापडातून एक धागा निघाला तरी उरलेले कापड काटेकोरपणे पाहता दुसरेच कापड आहे. या हिशेबाने पहिला कंडेन्सर बदलताच आजोबांचा रेडिओ संपला. मग शेवटचा आधार उरतो तो ओळखीचा, ज्याला दर्शनकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. सेट सुरू झाला, त्याचा तो घुमणारा आवाज आला, आणि घरातल्या सगळ्यात वडील माणसाने हाच तो म्हणून सांगितले, तर एवढे पुरत नाही का? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात क्षणिकवादाचे खंडन करताना ओळखीचा पुरावा भक्कमपणे वापरला आहे, पण तिथेच त्यांनी एक मर्यादाही मान्य केली आहे. बाहेरच्या वस्तूबद्दल हीच ती की तिच्यासारखी दुसरी, असा संशय कधी कधी येऊ शकतो. जाणणाऱ्या आत्म्याबद्दल मात्र तसा संशय येत नाही. ओळख पटणे मोलाचे आहे, पण वस्तूच्या बाबतीत ते निर्णायक नाही. पेटी तीच ठेवून आत दुसरेच काही बसवले आणि आवाज जुन्यासारखा घडवला, तरीही वडील माणसाला ओळख पटेल.

इथवरच्या वाटा बंद झाल्यासारख्या दिसतात, पण आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे आणि माझ्या मते ती अधिक फलदायी आहे. दर्शनकार विचारत होते, वस्तू तीच आहे का. धर्मशास्त्रकारांनी विचारले, ती तीच राहावी म्हणून कोणी काय केले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात देवप्रतिष्ठेच्या जोडीला पुनःप्रतिष्ठेचा आणि जीर्णोद्धाराचाही परामर्श घेतला आहे. अग्निपुराणात या विषयावर एक छोटा पण नेमका अध्याय आहे. मूर्ती जीर्ण झाली, भंगली, तर तिचे काय करावे ते द्रव्यानुसार सांगितले आहे. लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात किंवा समुद्रात. आणि तिच्या जागी जी बसवायची ती त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची असावी. विहिरी, तळी यांच्या जीर्णोद्धाराला तिथेच मोठे पुण्य सांगितले आहे. या अध्यायात नव्या मूर्तीला जुनीच म्हणण्याचा आग्रह नाही आणि सगळे अनित्यच आहे तर कशाला खटपट, असेही नाही. अट घातली आहे ती करणाऱ्यावर. मोडलेल्याला सन्मानाने निरोप द्यायचा, माप बदलायचे नाही, द्रव्य बदलायचे नाही, जागा रिकामी ठेवायची नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती लाकडाच्या आहेत आणि अधिक आषाढाच्या वर्षी त्या नव्याने घडवल्या जातात. १९९६ नंतर २०१५ साली हा नवकलेवराचा विधी झाला. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो, जुन्या मूर्तींचे मंदिराच्या आवारातच दफन होते, आणि रथयात्रेला लोटलेल्या लक्षावधींपैकी कुणाच्याही मनात हा दुसराच देव आहे असे येत नाही. त्यांच्या या खात्रीचा आधार लाकूड नसतो. झाडाची निवड कशी झाली, कुणी केली, माप कुठून घेतले, कोणी कोणाकडून काय स्वीकारले, या साखळीत एकही कडी तुटलेली नाही, हा तो आधार आहे.

यावर लगेच आक्षेप येईल की मग ‘तेच’पण ही केवळ मानण्याची गोष्ट झाली. उद्या कोणीही काहीही बसवून हाच तो म्हणून जाहीर करील. मी म्हणतो ते याच्या उलट आहे. मानणे फुकट असते, बंधन पाळणे फुकट नसते. कोकणात पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घर शाकारतात. फुटकी कौले काढून त्याच घाटाची दुसरी घालतात, आणि तीस-चाळीस पावसाळ्यांत छपरावर पहिले कौल क्वचितच उरते. घर मात्र तेच राहते, कारण प्रत्येक वेळी बहुतेक छप्पर शिल्लक असताना थोडेच बदलले गेले, आणि बदललेले कौल उरलेल्यांत नीट बसले पाहिजे ही अट कधी सुटली नाही. ही अट बाहेरची आहे, आपल्या इच्छेवर अवलंबून नाही. चुकीच्या घाटाचे कौल घातले तर घर गळतेच. रेडिओतही तसेच आहे. ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी हाताला लागेल तो कंडेन्सर घातला, त्या ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेल्या आय.एफ. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू अंदाजाने फिरवले, व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून भलताच बसवला, तर सेट घरघरेल, शिट्ट्या मारील किंवा जळेल. उरलेले जुने भाग नव्या भागाची परीक्षा घेत असतात. दुरुस्त करणाऱ्याचा शब्द खरा की खोटा हे सेट स्वतः सांगतो. तेव्हा एकत्व मानण्यावर उभे आहे असे म्हणणे चुकीचे आहे. ते निष्ठेवर उभे आहे, आणि निष्ठेला कसोटी असते.

या दृष्टीने पाहिले तर दुरुस्तीचे नियम नीतीचे नियम म्हणून समोर येतात. पहिला नियम असा की जे जगू शकते ते काढायचे नाही. व्हॉल्व्ह चांगला असेल तर नवा हौसेने बसवायचा नाही. लाकडावरचे पॉलिश निस्तेज असले तरी घासून लाकूड उघडे पाडायच्या आधी दहादा विचार करायचा. दुसरा नियम मापाचा आणि द्रव्याचा. कागदी कंडेन्सर आता तसे मिळत नाहीत, म्हणून प्लास्टिक फिल्मचे घालावे लागतात. इथे द्रव्य बदलते हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण माप, म्हणजे त्याची क्षमता आणि त्याने सोसायचा व्होल्टेज, तेच ठेवता येते, आणि द्रव्यातला बदल जिथे टळत नाही तिथेच करायचा, एवढे बंधन पाळता येते. तिसरा नियम सगळ्यात नाजूक आहे. काही कारागीर जुन्या मेणकागदी कंडेन्सरचे आतले काढून त्याच नळीत नवा लपवतात, म्हणजे पाठ उघडली तरी सगळे मूळचेच दिसते. ही निष्ठा की लबाडी? माझ्या मते उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. रूप राखण्यासाठी लपवले आणि काय बदलले ते आतल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवले, तर ती निष्ठा आहे. सेट विकताना मूळ सुट्या भागांसह म्हणून सांगता यावे यासाठी लपवले, तर ती चोरी आहे. दोन्ही वेळी हाताने केलेले काम एकच, डाग दिलेली तारही तीच. तरी एका सेटची साखळी अखंड राहिली आणि दुसऱ्याची तुटली. भागांत ‘तेच’पण शोधणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही, आणि म्हणूनच तिथे ते शोधणे अपुरे आहे.

सर्वांत जोरकस आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. तो म्हणतो, कशाला एवढी दगदग? पेटी ठेवा, आतले सारे काढा, ब्लूटूथचा तयार संच आणि नवा स्पीकर बसवा. रूप जुने, आवाज अधिक स्वच्छ, विजेचा धोका नाही, आणि गाणी तर तीच. रूप टिकले, काम टिकले, मग गेले काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण रूप आणि काम दोन्ही टिकल्याचा त्याचा दावा वरवर खरा दिसतो. पण रेडिओचे काम गाणी वाजवणे एवढेच होते का, हे आधी पाहिले पाहिजे. गाणी ग्रामोफोनही वाजवत असे. रेडिओचे काम होते अवकाशात सर्वांसाठी सोडलेली लहर पकडणे. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणाने आकाशवाणीवरचे सिनेसंगीत बाहेर गेले, तेव्हा श्रोते काटा फिरवून सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. ऐकणाऱ्याला निवड होती, पण काय येणार हे त्याच्या हातात नव्हते. कोणी तरी दूर बसून बोलत होते आणि इथे कोणी तरी त्यासाठी कान देत होते. भागवतात सांगितलेल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते, ते उगीच नाही. आपल्या मर्जीबाहेरून आलेले ग्रहण करण्याची तयारी, ही सगळ्या साधनेची पहिली पायरी मानली गेली आहे. ब्लूटूथच्या पेटीत आपणच आपल्या फोनमधून निवडलेले आपल्यालाच ऐकू येते. तिचा काटा फिरतो, पण कशालाही जोडलेला नसतो. मुंबई, दिल्ली, कोलंबो ही डायलवरची नावे आता काहीच सांगत नाहीत. आतले सगळे जळून गेले असेल, सुटे भाग मिळतच नसतील, तर अशी पेटी वापरायला हरकत नाही. तिला आजोबांच्या रेडिओची पेटी म्हणावे. आजोबांचा रेडिओ म्हणू नये.

दुसरा आक्षेप ‘मूळ’ या कल्पनेवरच आहे, आणि तो मला अधिक विचार करायला लावतो. कोणता क्षण मूळ धरायचा? गावात वीज येण्याआधीचे कित्येक सेट बॅटरीवर चालत. त्यांना नव्वद व्होल्टची जाडजूड कोरडी बॅटरी लागे. पुढे वीज आली तेव्हा कुणा मेकॅनिकने एलिमिनेटर जोडून तो सेट विजेवर आणला असेल. त्या सेटने आयुष्यातली बहुतेक वर्षे त्या एलिमिनेटरवर काढली. आज तो काढून टाकला तर कारखान्यातले रूप परत येईल, पण सेटचा अर्धा इतिहास फेकला जाईल, आणि ती बॅटरी आता बाजारात मिळत नसल्याने सेट कायमचा मुका होईल. हाच पेच देवळांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. २०२४ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात गाभाऱ्यातले नंतरच्या काळातले संगमरवर, ग्रॅनाइट आणि चांदीचे आवरण काढून जुना दगड मोकळा करण्यात आला. तिथे आधीचे रूप झाकणारी भर काढली गेली. पण प्रत्येक भर झाकणारीच असते असे नाही. एखादी भर वस्तूला जगवणारी असते. माझे म्हणणे असे की निष्ठा ही पहिल्या दिवसाशी नसून वस्तूच्या कामाशी आणि ते काम चालू ठेवणाऱ्या सगळ्या हातांशी असते. जी नंतरची भर तिच्या कामाच्या आड येते, ती काढावी. जिने ते काम चालू ठेवले, ती आता मूळचाच भाग आहे. त्या अनाम मेकॅनिकचा एलिमिनेटर, सुरक्षित असेल तर, जपण्याच्या यादीत कारखान्याच्या व्हॉल्व्हइतकाच वर असला पाहिजे.

तिसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो. हा सगळा आसक्तीचा खेळ आहे, असे विरक्त माणूस म्हणेल. आजोबा गेले, त्यांचा काळ गेला, ज्या आवाजांसाठी सेट घेतला ते बहुतेक गळे शांत झाले. जे जायचे ते जाऊ द्यावे. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुन्या वस्तूत गेलेला माणूस परत मिळेल अशा आशेने जो सोल्डरिंग आयर्न हातात घेतो, त्याच्या पदरी निराशाच येईल. पण अनित्यतेचा स्वीकार म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. सेट काचेच्या कपाटात बंद करून त्याला हात लावू न देणारा माणूस अनित्यता नाकारतो. काहीच बदलू नये असे त्याला वाटते. भंगारवाल्याला देऊन दुसऱ्या दिवशी नवा स्पीकर आणणारा माणूसही तिला सामोरा जात नाही. तो फक्त तिच्यावर पांघरूण घालतो. दुरुस्त करणारा मात्र एकेका भागाशी थांबून विचारतो, तू गेलास का, तुझ्या जागी कोण येऊ शकतो, आणि किती दिवसांसाठी. त्याने घातलेला कंडेन्सरही कधी तरी गळणार, हे त्याला ठाऊक असते. अनित्यतेचा याहून प्रामाणिक अभ्यास घरात बसून दुसरा कोणता होईल, मला सुचत नाही. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही हाच मार्ग जवळचा आहे. घरात आहे ते निभावून नेणाऱ्याला नव्याचा साठा करावा लागत नाही.

या आक्षेपाची एक आजची बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. मध्यम लहरींचे युग सरत आहे. देशातले अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले, आणि व्हॉल्व्हच्या बहुतेक सेटना एफएम येत नाही. ऐकायलाच काही उरले नाही तर ऐकणारे यंत्र जिवंत करून काय साधले? याचे पहिले उत्तर वस्तुस्थितीचे आहे. सूर्य मावळल्यानंतर आयनांबरातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो, मध्यम लहरी वरच्या थरावरून परतू लागतात, आणि किनाऱ्यावरच्या घरात समुद्रापलीकडची केंद्रेही लागू शकतात. आकाश अजून पूर्ण रिकामे झालेले नाही. दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. तळ्याचा जीर्णोद्धार करणारा पाऊस पडेल याची हमी मागत नाही. पाणी आले तर साठावे, एवढी तयारी ठेवणे त्याच्या हातात असते. ग्रहण करण्याची पात्रता टिकवणे हे स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि ते पाठवणारा उरला आहे की नाही यावर सर्वस्वी अवलंबून नाही. तरी एक गोष्ट मी मान्य करतो. ज्या दिवशी त्या डायलवर एकही केंद्र लागणार नाही, त्या दिवशी सेट संग्रहातली वस्तू होईल, आणि तेव्हा त्याच्याविषयीचे कर्तव्य अभ्यासकाचे असेल. आज तो दिवस नाही.

कोणाला असेही वाटेल की मूर्ती आणि रेडिओ एका ओळीत बसवणे हा मूर्तीचा अपमान आहे. मूर्तीत देव आहे, सेटमध्ये तारा आहेत. हा भेद मी पुसत नाही. पण खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची, यंत्रांची पूजा होते. सुताराचा रंधा, प्रेसमधले यंत्र, एसटीची गाडी यांना त्या दिवशी फूल वाहिले जाते. कोणीही रंध्याला देव समजत नाही, आणि तरी पूजा खोटी नसते. ज्याच्या योगे आपल्याला काही मिळाले, त्याच्याशी आपले वागणे कसे असावे, याची ती वार्षिक उजळणी असते. रेडिओने दोन पिढ्यांच्या घरांना देशाचे आणि जगाचे बोलणे आणून दिले. त्याच्या जीर्णोद्धाराला देवळाचे नियम लावताना मी त्याला देवत्व देत नाही. देवळासाठी जो प्रामाणिकपणा आपण आवश्यक मानतो, तो घरातल्या लहान वस्तूसाठीही आवश्यक आहे, एवढेच म्हणतो.

आता मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देता येते. निम्मे भाग बदलल्यावर तो आजोबांचाच रेडिओ असतो का? बौद्धांनी दाखवले की भागांच्या मागे लपलेला एखादा अचल रेडिओ शोधणे व्यर्थ आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. नैयायिकांनी दाखवले की काटेकोर हिशेबात पहिल्या बदलाबरोबरच वस्तू नवी झाली, आणि तेही मान्य केले पाहिजे. पण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, काम न सोडता, माप न बदलता, काही न लपवता जे चालत आले, त्याला ‘तेच’ म्हणण्याचा हक्क आपण कमावतो, आणि तो हक्क कमावण्याची वाट जीर्णोद्धाराच्या शास्त्राने कधीच घालून दिली आहे. म्हणून असा सेट उघडणाऱ्याने तो मूळचा किती उरला याची टक्केवारी काढत बसू नये. जे जगवता येईल ते जगवावे, मेलेल्याच्या जागी त्याच मापाचे घालावे, आधीच्या हातांनी केलेल्या चांगल्या दुरुस्त्या राखाव्यात, आणि आपण काय बदलले ते आतल्या बाजूला तारखेसह लिहावे. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण तिच्यावाचून बाकीच्या तीन अपुऱ्या आहेत, कारण पुढच्या माणसाला आपल्या कामाचा जाब विचारता आला तरच ही साखळी त्याच्यापर्यंत पोहोचते.